बाळमुळीची शीट

टाके जागेवर होते, मूळ नव्हतं.

दुपारी डबा खाऊन आल्यावर मी ती शीट कपाटात ठेवायला उचलली आणि तशीच उभी राहिले. जाड कागदावर वाळलेलं झाड होतं, पानं होती, सुकून तपकिरी झालेला फुलांचा तुरा होता. खाली, जिथे करंगळीएवढं मूळ पांढऱ्या दोऱ्यानं शिवून बसवलेलं असायचं, तिथे दोऱ्याची नुसती रिकामी कडी राहिली होती. एकही टाका तुटला नव्हता. बांगडीतून हात काढावा तसं कुणीतरी ते मूळ अलगद ओढून घेतलं होतं.

ही पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागातलं हर्बेरियम सांभाळत होते. दाबून, वाळवून, कागदावर शिवलेली झाडं लोखंडी कपाटांत रचून ठेवायची, त्यांना कसर लागू द्यायची नाही आणि कुणी बघायला मागितलं तर काढून दाखवायची, एवढंच काम. माझी आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, पोरगी एम.एस्सी. झाली आणि आता पालापाचोळा राखत बसते. मी चिडायचे, पण खोटं काही ती बोलत नव्हती.

हे झाड मात्र पालापाचोळ्यातलं नव्हतं. ती शीट ‘टाइप’ होती, म्हणजे ज्या एका नमुन्यावरून त्या झाडाला जगात पहिल्यांदा नाव मिळालं, तो नमुना. विभागाच्या पहिल्या प्रमुखांनी तो इंग्रजांच्या अमदानीत धामणमाळच्या खोऱ्यातून आणला होता. पुढे त्या खोऱ्यात धरण झालं, रान पाण्याखाली गेलं आणि ते झाड पुन्हा कुणाला दिसलं नाही. लेबलावर लॅटिन नावाखाली गावातलं नावही लिहिलेलं होतं. बाळमुळी.

मी कुंटे सरांना बोलावलं. सर विभागप्रमुख होते, तब्येतीनं काटक आणि स्वभावानं कडक. त्यांच्या घरी चोर शिरला असता तरी ते इतके हादरले नसते. भिंग घेऊन ते शीटवर वाकले, कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले.

“सकाळच्या म्हाताऱ्यानं नेलं,” ते म्हणाले.

मलाही तेच वाटत होतं, म्हणून तर माझा जळफळाट होत होता. सकाळी धामणमाळचा एक वैद्य आला होता, दौलू गुरव म्हणून. धोतर, खांद्यावर घोंगडी, पायांत टायरच्या चपला. त्याच्या आज्यानं कुणा साहेबाला ही वनस्पती दाखवली होती आणि साहेबानं ती कागदावर लावून ठेवली आहे, असं त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. ती एकदा डोळ्यांनी बघायची होती. बोलता बोलता घरचंही कळलं. नात दोन वर्षांची, चंद्री नाव, अंगच धरत नव्हती, रोज सांजेला कणकण यायची. आज्याच्या वेळी अशा पोरांना बाळमुळीचं मूळ उगाळून नाही तर उकळून देत आणि पोरं उठून बसत. धरणाच्या काठचे सगळे डोंगर त्यानं पायाखाली घातले होते, पण बाळमुळी काही मिळाली नव्हती.

मी त्याला आधी हात धुवायला लावले. जुन्या कपाटातल्या शीटना हात लावण्याआधी हात धुवायचे आणि लावून झाल्यावर पुन्हा साबणानं धुवायचे, ही आमच्या खोलीची रीत होती. त्यानं काही न विचारता धुतले. शीट पुढे ठेवली तेव्हा त्यानं टेबलावर कपाळ टेकवलं. तेवढ्यात कुंटे सर आले, आणि पाहुणा दिसला की सरांना चेव यायचा. आमच्याकडे आलेलं झाड मरत नाही, ते म्हणाले, रानात होतं तसंच्या तसं इथे आहे, आणखी शंभर वर्षांनी या, तेव्हाही असंच दिसेल. म्हातारा मान डोलवत ऐकत होता. मग सर तासाला गेले, मला ऑफिसात फोनवर बोलावणं आलं. मी परतले तेव्हा तो पुन्हा हात धुऊन दाराशी उभा होता. लई उपकार झालं बाई, म्हणाला.  आता वाटत होतं, भोळ्या चेहऱ्याला भुललीस, हेमलता इंगवले, चांगली खोड मोडली.

सरांनी पोलिसांना फोन लावायला घेतला. लाइन लागत नव्हती. एकीकडे आकडे फिरवत ते मला सांगत होते की फोटो काढून घ्या, दोऱ्याला हात लावू नका, तो नक्की कुणा मुंबईच्या औषधकंपनीला विकणार, जगात दुसरं मूळ नाही, याची किंमत त्या गावंढ्याला नसेल पण विकत घेणाऱ्याला असेल. मीही हो ला हो करत होते. एखादं उपमूळ तरी कागदाला चिकटून राहिलंय का, ते बघायला मी शीट खिडकीच्या उजेडात धरली.

मूळ जिथे होतं तिथला कागद करडा पडला होता. त्या करड्यावर किंचित काळपट चमक होती. तो रंग मी रोज बघत होते, इतका रोज की दिसेनासाच झाला होता. कोपऱ्यात फिकट लाल शिक्का होता, कवटी नव्हे, नक्षी नव्हे, नुसता एक इंग्रजी शब्द, ‘पॉइझन्ड’.

जुन्या लोकांकडे कसर मारायला एकच उपाय होता. कागदावर शिवण्याआधी झाड मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावात बुडवून काढायचं. पाऱ्याचं जहर ते. पान पातळ असतं, त्यात थोडंच मुरतं. जाड मूळ मात्र पोटभर पितं. हात धुवायची रीत त्याच्यासाठी होती.

“सर, फोन ठेवा,” मी म्हटलं. “तो ते विकणार नाही. तो ते उकळून नातीला पाजणार आहे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. सरांनी पोलिसांऐवजी सिव्हिल हॉस्पिटलला फोन लावला आणि तो लगेच लागला, याचा मला तेव्हा रागच आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबू नका, मिळेल तसं दूध आणि अंड्यातलं पांढरं पाजा, ओकारी होऊ द्या आणि गाडीत घालून आणा, इंजेक्शन इथेच आहे. लहान मूल आहे म्हटल्यावर त्यांनी वय विचारलं. मग म्हणाले, लवकर आणा.

रानात नमुने गोळा करायला जायची विभागाची एक जीप होती. तिचा ड्रायव्हर इस्माइल जुम्म्याची नमाज पढून नुकताच आला होता. काय झालंय ते ऐकल्यावर त्यानं पेट्रोल बघितलं, कोपऱ्यावरच्या टपरीतून डझनभर अंडी कागदाच्या पुड्यात आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. कुंटे सर पुढे बसले. जन्मात अंड्याला हात न लावलेला माणूस, पण तोंडातून शब्द काढला नाही.

म्हातारा सकाळच्या एसटीनं गेला होता. ती आमच्या कितीतरी पुढे होती, हे तिघांनाही कळत होतं. उसाचा हंगाम होता. गावाबाहेर पडताच बैलगाड्यांची रांग लागली, कारखान्याच्या फाटकापर्यंत. इस्माइल हॉर्नवर हात ठेवूनच बसला. बैल बिचकायचे, गाडीवान शिव्या द्यायचे, जीप मातीच्या कडेवरून खडखडत पुढे जायची. मी अंडी पोटाशी धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. घरी पोचायला त्याला इतका वेळ. चूल पेटवायला इतका. काढा आटायला इतका. दरवेळी हिशेब संपायचा तेव्हा वाटी मुलीच्या तोंडाला लागलेली असायची. मग मी पहिल्यापासून मांडायचे, कुठेतरी त्याला जास्त वेळ लावायचे, वाटेत कुणीतरी भेटलं असेल, लाकडं ओली असतील. भीती माणसाला असं पोरकट करते.

घाटाच्या पायथ्याशी ती एसटी परत येताना भेटली. इस्माइलनं जीप रस्त्यात आडवी घालून ती थांबवली. कंडक्टर खेकसायच्या बेतात होता, पण सरांचा चेहरा बघून खाली उतरला. म्हातारा ना, म्हणाला, फाट्यावर सोडला की मघाशीच, उतरला तो पळतच वाटंला लागला, कमरेला काहीतरी बांधलेलं होतं ते हातानं धरून.

सर पुन्हा गाडीत बसले आणि पहिल्यांदाच बोलले. “मी त्याला सांगितलं, इंगवलेबाई. जसंच्या तसं आहे म्हणून. मीच सांगितलं.”



धामणमाळला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घर विचारावं लागलं नाही, एकाच कौलातून दाट धूर निघत होता. मी जीप थांबायच्या आत उडी टाकली. उंबऱ्यावर एक तरणी बाई बसली होती, मांडीवर मूल होतं. हातापायांच्या काड्या आणि एवढे मोठे डोळे. बाई पदरानं मुलीचं तोंड पुसत होती. शेजारी काशाची वाटी होती, रिकामी.

मी वाटी हिसकावली. “काय पाजलंस हिला?”

ती दचकून मागे सरकली. ती दौलूची सून, पारू. शहरातली बाई अंगावर धावून आल्यावर तिनं मुलीला छातीशी घट्ट धरलं.

“पेज हाय,” ती म्हणाली. “तांदळाची पेज.”

“आणि औषध? आज आणलेलं?”

“ते उद्या सकाळी द्यायचं हाय.”

 मी अंगणात शेणानं सारवलेल्या भुईवर बसले, अंड्यांचा पुडा मांडीत, आणि हसायला लागले. मागे सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. इस्माइल जीपच्या बॉनेटला टेकला आणि त्यानं अल्लाचं नाव घेतलं. मी पारूला म्हटलं, काढा कुठे आहे तो दाखव, तो फेकायचा आहे, मुलीच्या आसपाससुद्धा ठेवायचा नाही.

“चुलीवर हाय,” पारू म्हणाली. “मामंजींनी तेवढा घेतलाय. बाकीचा तसाच हाय.”

“कुणी घेतलाय?”

“मामंजींनी. आमच्यात रीत हाय बाई. नवं औषिद असलं की वैद्यानं पयलं सोता घ्यायचं. एक रात काढायची. मग दुसऱ्याला.”

मी उठून कशी धावले ते मला आठवत नाही. तो मागच्या गोठ्यात होता, मेढीला पाठ लावून बसलेला. पुढे ओकारी पडली होती. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. चोरी पकडली गेली असं वाटून शरमलेला माणूस जसा उठेल तसा.

“तोंडात तांब्याचा पैसा धरल्यागत लागतंय,” तो म्हणाला. “आज्यानं असं काय सांगितलं न्हवतं.”

किती घेतलंत, सरांनी विचारलं. वाटीभर, तो म्हणाला. पोरीला चमचाभर द्यायचा होता, म्हणून त्यानं स्वतः वाटीभर घेतला होता. जास्त घेऊन बघितलं म्हणजे खोट असली तर लगेच कळते, असं त्याचं शास्त्र होतं. खोट कळली होती.

पारूनं दूध आणलं, ते त्यानं घेतलं आणि ओकून टाकलं. मग मी अंड्याचा पुडा उघडला. त्यानं मान फिरवली. गळ्यात त्याच्या रुद्राक्ष होता, देवळाची पूजा त्याच्या घरात होती. मी विनवलं, पारू रडली. तो नाही म्हणत राहिला, ओरडून नाही, अगदी हळू. देवाच्या अंगाला लावायचे हात आहेत, म्हणाला, मेलो तरी चालंल.

“बाबा, मीही आजवर कधी खाल्लं नाही,” कुंटे सर म्हणाले.

“मग मला कसं सांगता, सायेब?”

सरांनी माझ्या हातातून अंडं घेतलं. त्यांना ते फोडताही येत नव्हतं, कवचाचे तुकडे बोटांना चिकटले. पांढरं त्यांनी काशाच्या वाटीत ओतलं, पिवळं भुईवर सांडलं, आणि डोळे मिटून ती वाटी तोंडाला लावली. घशाखाली जाईना, तरी गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं.

“तुमचीच रीत,” ते म्हणाले. “आधी मी घेतलं. आता तुम्ही.”

दौलूनं ती रिकामी वाटी बघितली. मग तोंड उघडलं.

अर्धा डझन अंडी त्याच्या पोटात गेली, त्यातलं बरंच पुन्हा बाहेर आलं. तरी आम्हाला आशा वाटू लागली. चुलीवरचा काढा मी खड्डा करून पुरला. पारू चंद्रीला घेऊन आमच्यासोबतच निघाली, कारण सर म्हणाले, या मुलीलाही डॉक्टरला दाखवायचं, तिला घेतल्याशिवाय मी हलणार नाही. घाट उतरताना म्हातारा मागच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. वळणावळणाला त्याचं पोट पिळवटत होतं, पण तो कण्हत नव्हता. मध्येच त्यानं कमरेची गाठ सोडली आणि फडक्यातला मुळाचा तुकडा माझ्या हातात दिला.

“निम्मं ठेवलंय. पोरीपुरतंच घेतलं. तुमचं तुमाला.”

मी तो रुमालात बांधला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “इख कशापायी लावलं बाई त्याला?”

“कसर लागू नये म्हणून.”

 “मग टिकलं खरं,” तो म्हणाला. आणि मग, “तुमी हात धुवाय लावलं, आधी एकदा, मागनं एकदा. मला वाटलं, देवाचं हाय.”

तो आठवडाभर सिव्हिलमध्ये होता. पहिले दिवस बरे गेले, इंजेक्शनं चालू होती, तो सगळ्या नर्सबायांची विचारपूस करायचा. मग लघवी बंद झाली. अंगाला सूज आली. त्या काळी आमच्याकडे त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यानं पारूला एवढंच विचारलं की चंद्रीनं काय खाल्लं. चंद्री वरच्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डात होती. तिला क्षय निघाला होता. गोळ्या आणि इंजेक्शनं होती त्याला, सरकारी, फुकट.

पोलिसांत कुणी गेलं नाही. हर्बेरियमची आणखी एक रीत आहे. शीटवरून कुणी काही भाग तपासणीसाठी काढून घेतला तर तिथे चिठ्ठी चिकटवायची, कुणी काढला आणि कशासाठी. चिठ्ठ्या नेहमी इंग्रजीत असतात. कुंटे सरांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिली : मुळाचा भाग घेतला, दौलू गुरव, वैद्य, धामणमाळ, औषधासाठी. मी उरलेला तुकडा लहान पाकिटात घालून शेजारी डकवला. रिकामे टाके काढू का म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, राहू द्या. त्यानंतर जुन्या प्रत्येक शीटवर आम्ही लाल अक्षरांत ‘विषारी’ असा मराठी शिक्का मारला. हात दुखेपर्यंत मी तो मारत बसायचे.

वर्षभरानं पारू आली, कडेवर चंद्री होती. मी ओळखलंच नाही. गाल भरलेले, डोक्यावर दोन शेंड्या, कडेवरून उतरायची धडपड चाललेली. औषधाचा कोर्स संपला होता. पारूला ती शीट बघायची होती. मामंजी ज्याच्यापायी गेले ते एकदा बघू दे, म्हणाली.

मी नको म्हणणार होते. पण मला तो हक्क नव्हता. शीट काढून टेबलाच्या मधोमध ठेवली, दोघींना लांब उभं केलं. पारूनं लांबूनच हात जोडले. मग चंद्रीला म्हणाली, नमस्कार कर, आजाचं झाड हाय. चंद्रीनं एक हात पुढे केला, लहान मुलं करतात तसा, बोटं पसरून.

मी तो हात इतक्या जोरात मागे ओढला की ती किंचाळली.  मी चंद्रीला उचललं आणि तशीच कोपऱ्यातल्या नळाशी नेली. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. ती रडत होती, हात सोडवून घेत होती, तिचा फ्रॉक भिजला, माझी साडी भिजली. पारू मागून हळूच म्हणाली, बाई, तिनं हात लावला न्हाई.

मला ते माहीत होतं. मी बघितलं होतं. तरी मी पुन्हा साबण घेतला.